जेटीवर पाणी दिसत नाही

मांडवी, रत्नागिरी
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

अलफियाच्या अब्बांना सुरय्याचा सलाम.

तिकडून सुट्टीवर आलेल्या तन्वीरच्या हाती पाठवलेलं सगळं पोचलं. खजुराचे दोन डबे, दुधाची पावडर, बामच्या बाटल्या, अलफियाचं घड्याळ, माझ्यासाठी निळं कापड आणि पुन्हा टॉवेल. टॉवेल आता नकोत, कपाटात मागचे अजून घडीचे आहेत. तन्वीर स्टेशनवरून सरळ शिरगावला आपल्या घरी गेला, म्हणून सामान आणायला मलाच जावं लागलं. जाताना बसने वीस, येताना ओझं म्हणून रिक्षाने दीडशे. एक डबा खजूर मशिदीत दिला, त्याची किंमत धरलेली नाही. म्हणजे तुमची भेट मला एकशे सत्तर रुपयांना पडली. तक्रार नाही, वहीत लिहिलं तेच इथे लिहिलं.

तुम्ही म्हणालात की हा विषय फोनवर नको, माझा आवाज ऐकला की तुम्ही हो म्हणून टाकता आणि मग झोप लागत नाही. कागदावर लिही म्हणालात. बरं झालं. फोनवर मीसुद्धा 'इकडे सगळं ठीक' याच्या पुढे कधी जात नाही, आणि तुमच्या खोलीतली माणसं ऐकत असतात ते वेगळंच.

तर तुमचा प्रश्न. फेब्रुवारीअखेर तुमचा करार संपतो. तिथे ओमानात सोहारला आणखी दोन वर्षांची सही करायची, की कायमचं घरी येऊन निलेशच्या गाळ्यात बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती सुरू करायची. निलेश तुमचा शाळेतला दोस्त खरा, रमजानपर्यंत गाळा कुणाला देत नाही म्हणाला आहे. तोवर रत्नागिरीचा बाजार चालतो आहे की नाही ते मी बघायचं आणि खरं खरं लिहायचं.

मी दहावी पास बाई. घरखर्चाची वही लिहिते म्हणून मला बाजार कळतो असं तुम्हाला वाटतं. पण वहीत आपलं घर असतं, गाव नसतं. म्हणून अलफियाला विचारलं. ती आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, तिला हेच शिकवतात. ती म्हणाली, अम्मी, डॉक्टर नाडी बघतो, जीभ बघतो, ताप बघतो, तसंच देशाचं. एकूण किती पिकलं आणि घडलं, भाव किती चढले, किती हातांना काम आहे. पेपर वाचून दाखवला तिने. देश वाढतो आहे आणि महागाई उतरली आहे. मी म्हटलं, खोबरेल तेल तर परवडेनासं झालं. तर म्हणते, महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव चढायचे दमले. ते मात्र मला पटलं. आपल्या जिन्यावर मीही हल्ली तशीच चढते.

आणखी एक तिने सांगितलं. काही चिन्हं आधी कळतात, काही मागाहून. आंब्याच्या खोक्यांसाठी फळ्या कापायला लागले की समजावं बागवाल्यांना आशा आहे, ते आधीचं. दुकानाला कुलूप दिसलं ते मागाहूनचं. आधीची बघ, म्हणाली.

म्हणून बघत हिंडले. मांडवीच्या किनाऱ्यावर रविवारी उभं राहायला जागा नसते, भेळवाल्यांनी गाड्या वाढवल्या. बाजारात दिवाळीचे कंदील लागलेत. आणि सगळ्यात मोठं चिन्ह म्हणजे मिरकरवाड्याची जेटी. मासे आणायला गेले होते, भरदुपारी. बोटींची इतकी दाटी की मध्ये पाणी दिसत नाही. एकीवरून दुसरीवर पाय टाकत माणूस पलीकडे जाईल. लग्न होऊन आल्यापासून इतक्या बोटी मी एका जागी पाहिल्या नव्हत्या. आमच्या पोफळीत वीजघराची यंत्रं घुमायला लागली की वडील म्हणायचे, आज राज्यात काम जोरात आहे. इथे बोटी आहेत. मी तिथेच शुक्र केला अल्लाहचा. इतक्या बोटी, म्हणजे इतकी इंजिनं.

तब्येत सांभाळा. गोळ्या जेवणानंतर घ्या, आधी नाही.

तुमची
सुरय्या

—

सोहार
१९ ऑक्टोबर २०२५

सुरय्यास गुलाम रसूलचा सलाम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा जेवताना आणि एकदा नीट. टॉवेल कंपनीने दिले होते, ते हिशेबात शून्य धर.

तू फार चांगलं लिहिलंस. आता मी विचारतो तेवढं आणखी बघ. इंजिन घेऊन माणूस आला की मी काय करतो तुला माहीत आहे. एका आवाजावर कधी इंजिन उघडत नाही. धूर कसला येतो बघतो, तेल बोटाला लावून बघतो, पाणी किती तापतं ते बघतो. तिन्ही एकच गोष्ट सांगायला लागले की मग पाना हातात घेतो. बाजाराचं तसंच असणार. अलफियाला विचार, हो म्हणेल.

दुकानातली गर्दी बघू नकोस, बाहेर पडणाऱ्याची पिशवी बघ. गर्दी फुकट जमते. किनाऱ्यावरच्या गर्दीचंही तेच, पुण्याकोल्हापूरची माणसं असतील तर ती रविवारची. सोमवारी भेळवाला काय करतो ते बघ.

आणि जेटीवरच्या बोटी. त्या दिवशी बावटा लागला होता का? वादळाचा इशारा वगैरे? एकच दिवस तशा होत्या की रोज असतात? सकाळी लवकर जाऊन बघ, फजरनंतर. दाटी असेल तर तसं लिही, नसेल तर तसं.

इकडे सगळं ठीक. गरमी कमी झाली. एक चांगली गोष्ट झाली, मला खिडकीजवळची खाट मिळाली. इतकी वर्षं दाराजवळ होतो, येणारा-जाणारा पायाला लागायचा. आता खोलीत शांतता आहे, झोप चांगली लागते. सकाळी खिडकीतून समुद्र दिसतो. तोच समुद्र आहे म्हणतात, पण वास वेगळा येतो.

अलफियाला घड्याळ बसलं का? सैल असेल तर एक कडी काढून घे.

गुलाम रसूल

—

मांडवी, रत्नागिरी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

अलफियाच्या अब्बांना सलाम.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमनला दिवाळीचे पन्नास दिले. मागच्या वर्षी तीस होते, पण आता तो आपली पत्रं आणतो.

तुम्ही सांगितलं तसं केलं. वाण्याच्या दुकानासमोर बाकावर बसले, हातात तसबीहची माळ घेऊन, म्हणजे कुणाला काही वाटू नये. तरी वाण्याला कळलंच. म्हणाला, भाभी, कुणाच्या पिशवीत काय आहे ते आता सरकारला सांगायला लागलात काय. मी म्हटलं, सरकारला नाही, घरच्याला. तो हसला, पण चहा पाजला.

तर पिशव्या लहान आहेत. माणसं येतात खूप, पण तेल पाव किलोचं, साबण एक, चहाच्या पुड्या पाच-पाच रुपयांच्या. पूर्वी महिन्याचं सामान भरणाऱ्या बायका आता दर दोन दिवसांनी येतात. बायकांच्या खात्यात सरकारी पैसे येतात त्या आठवड्यात पिशव्या जरा फुगतात, मग पुन्हा तेच. आणि सोमवारचा भेळवाला मोबाइल बघत बसलेला असतो, तुमचं खरं. किनाऱ्याची गर्दी मी खोडली.

म्हणजे धूर आणि तेल, दोन्ही तितकं बरं सांगत नाहीत. मला दोन दिवस वाईट वाटलं. पण जेटीने हात दिला. फजरची नमाज पढून चालत गेले, असं सहा-सात वेळा केलं. बावटा नव्हता, आभाळ लखलखीत. बोटी रोज तेवढ्याच, उलट गेल्या आठवड्यात वाढल्या. काहींवर तर प्लॅस्टिक घालून ठेवलं आहे, ऊन लागू नये म्हणून, किती जपतात माणसं. मासेवाल्या गंगुबाईला म्हटलं, तुमचं बंदर भरलं गो यंदा. तिने माझ्याकडे बघितलं आणि बांगडे तोलायला लागली. तिला हिशेबात घाई असते.

तुम्हाला खिडकी मिळाली ते वाचून बरं वाटलं. हवा येत असेल. माझ्याकडेही खिडकीतून समुद्र दिसतो, पण तो कपडे वाळत घातले की झाकला जातो. तुमचा एक शर्ट मी दर पंधरा दिवसांनी धुऊन वाळत घालते, नुसता घडीत राहून पिवळा पडू नये म्हणून. शेजारची श्रद्धा एकदा म्हणाली, भाईजान आलेत वाटतं. मी शर्टाला आणखी एक चिमटा लावला. त्या दिवशी तेवढंच पुरलं.

आता मोहोराचे दिवस. थंडी वेळेवर पडली आहे. दुआ करा.

सुरय्या

—

सोहार
२३ नोव्हेंबर २०२५

सुरय्यास सलाम.

हे पत्र लिहायला मला वेळ लागला. रागावू नकोस.

मी सही करणार आहे. डिसेंबरअखेर कागद देतील, तेव्हा. निलेशला सांग, गाळा दुसऱ्याला दे.

तुझ्या पत्रावरूनच ठरवलं. तू एक शब्द खोटा लिहिला नाहीस, म्हणूनच मला कळलं. आमच्या घरात चार पिढ्या बोटीवर गेल्या, तू पोफळीच्या डोंगरातून आलेली, तुला कुणी कधी सांगितलंच नाही. हंगामात, बावटा नसताना, दुपारी जेटी भरलेली असते तेव्हा बंदर आजारी असतं. बोट किनाऱ्याला म्हणजे ती कमावत नाही. डिझेलचा खर्च निघेल इतका मासा मिळत नाही, किंवा खलाशी नाहीत, म्हणून मालक तिला बांधून ठेवतो. बंदर चांगलं असतं तेव्हा जेटी रिकामी असते. नुसतं पाणी दिसतं. लहानपणी आमची आजी सकाळी जेटीवर पाणी बघून घरी यायची आणि म्हणायची, आज सगळे पोटाला गेले.

प्लॅस्टिक घातलेल्या बोटी या वर्षी पुन्हा समुद्रात जाणार नाहीत. जपणूक नाही ती.

गंगुबाईला तू बंदर भरलं म्हणालीस ते वाचून मी हसलो आणि मग पत्र खाली ठेवलं. तिला वाटलं असेल तू टोमणा मारलास. तिला समजावून सांग.

तू मला बोलवण्यासाठी चांगलं चांगलं शोधत होतीस ते मला दिसत होतं. पण पिशव्या लहान आहेत हेही तू लिहिलंस. दुसरी बाई असती तर ते गाळलं असतं. तू असं लिहितेस म्हणून तर मला घरी यावंसं वाटतं, आणि तू असं लिहितेस म्हणून येता येत नाही.

दोन वर्षं जातील. अलफियाचं शिक्षण होईल.

गुलाम रसूल

—

मांडवी, रत्नागिरी
१९ डिसेंबर २०२५

अलफियाच्या अब्बांना सलाम.

या महिन्यात काही आलं नाही. खर्च: तुमचं पत्र वाचल्यावर मी तीन दिवस बाजारात गेले नाही, तेवढी बचत झाली.

फोनवर तुम्ही तब्येत विचारत होता आणि मी ठीक म्हणत होते. ठीक नव्हते. ज्या गोष्टीसाठी मी शुक्र केला, ती दुसऱ्याच्या घरची चूल विझल्याची खूण होती. मी त्याची तौबा केली. गंगुबाईकडे जाऊन सांगितलं की मला समजत नव्हतं. ती म्हणाली, आम्हाला वाटलंच होतं, डोंगरातली ना गो तू. आणि दोन बांगडे जास्त घातले. मी पैसे दिले तर घेईना. ते मी वहीत लिहिलेले नाहीत, कुठल्या बाजूला लिहायचे ते कळलं नाही.

मग मला राग आला. तुमचा नाही, माझाच. महिनाभर बोटी बघितल्या आणि एकाही माणसाला विचारलं नाही. दुरून बघून डॉक्टर औषध देतो का? म्हणून निलेशला घेऊन जेटीवर गेले. तिथे शिवा तांडेल जाळं शिवत बसला होता, तुमच्या वडिलांच्या बोटीवर लहानपणी होता तो. मी एकेका बोटीकडे बोट दाखवून विचारायला लागले, ही का बांधली, ती का बांधली.

"भाभी, मोजून काय करणार? एक तरी विकत घेणार काय?" शिवा म्हणाला.

"मी नाही. पण मिस्त्री आणायचा विचार आहे."

"कोण मिस्त्री?"

तुमचं नाव सांगितलं. त्याने सुई खाली ठेवली. मग आपणहून सांगत बसला. बऱ्याच बोटी मासा नाही म्हणून बांधल्यात, तुम्ही लिहिलंत तेच. काहींचे खलाशी गावी गेले ते परतले नाहीत. पण बऱ्याच बोटी नुसत्या इंजिनाला अडल्या आहेत. नवीन इंजिन घ्यायला मालकाकडे पैसे नाहीत, म्हणून जुनंच दुरुस्त करायचं, आणि ते करणारा माणूस नाही. एक बाहेरून येतो. येतो म्हणतो आणि आठ दिवसांनी उगवतो, तोवर बोट बांधलेली. जिला प्लॅस्टिक घातलंय, मी जपणूक म्हटली ती, तिचाही पंप गेलाय. बोट शिवाच्या भाच्याची.

मी हे तुम्हाला बोलवायला वाढवून लिहीत नाही. सगळ्या बोटी इंजिनासाठी नाहीत. निम्म्याही नाहीत. पैसे वेळेवर देतील असंही नाही, शिवाने तोंडावर सांगितलं, थोडे पैसे आणि थोडे मासे मिळतील. पण बाजार थंड म्हणून मिस्त्रीचा धंदा थंड, हे बरोबर नाही. अलफियाला विचारलं. म्हणाली, पडत्या काळात नवीन विकणारा बसतो आणि जुनं शिवणारा उठतो. शिंप्याकडेही तसंच आहे म्हणे, नवे कपडे कमी आणि आल्टर करायला रांग.

आता दुसरी गोष्ट. भरलेली जेटी म्हणजे वाईट, हे तुम्ही मला शिकवलंत. शिकल्यावर मी तुमची जुनी पत्रं परत वाचली. खिडकीजवळची खाट मिळाली, लिहिलंत. ती तुमच्या खोलीतल्या सदानंदची होती. त्याच्या आधी चिपळूणच्या एकाची. इतकी वर्षं तुमचा नंबर लागला नाही. खोलीत शांतता आहे, लिहिलंत. सहा माणसांच्या खोलीत शांतता कुठून आली? आणि मी मूर्ख, हवा येत असेल म्हणाले.

तुमची जेटी किती भरली आहे ते आता तुम्ही मला लिहा. खरं खरं. मी लिहिलं तसं.

अलफिया म्हणते काही चिन्हं मागाहूनच कळतात. माझे केस किती पिकले ते तुम्हाला फोनवर दिसत नाही, मी ओढणी पुढे घेते. ते तुम्हाला मागाहून कळेल.

सही करायच्या आधी उत्तर द्या.

सुरय्या

—

सोहार
४ जानेवारी २०२६

सुरय्यास सलाम.

सही केलेली नाही. कागद उशीखाली आहे.

खोलीत आम्ही दोघं उरलो. सदानंद ऑगस्टमध्ये गावी परतला, बाकीचे त्याच्या मागून. यार्डात नवीन काम येत नाही. कॅम्पातून सकाळी दोन बस निघायच्या, आता एक निघते आणि तिच्यात पाय पसरून बसता येतं. जादा तास बंद झाले. नवा करार आहे तो कमी पगाराचा आहे. हे तुला लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, या. आणि मला वाटलं असतं, बाई कीव येऊन बोलावते आहे. नवऱ्याला घरी कीव येऊन बोलावू नये कुणी.

तू शिवाकडे गेलीस हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. शिवाला माझं नाव आठवलं. मी इथे नाव सांगतो तर आधी कार्ड दाखवावं लागतं.

आता जे फोनवर कधी बोललो नसतो ते लिहितो. बाजाराचं सोड, ते तू बघितलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे. आपल्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातले माझे घरातले दिवस एकत्र केले तर धड तीन वर्षं भरत नाहीत. दर वेळी महिना-दीड महिना. तू चांगलंचुंगलं करतेस, माणसं भेटायला येतात, अलफिया शेजारी बसते, आणि सगळं गोड असतानाच मी निघतो. महिन्याचा पाहुणा सगळ्यांना आवडतो. तोच माणूस रोज सकाळी घरात दिसला, हात ग्रीसचे, खिशात थोडे पैसे आणि पिशवीत थोडे मासे, तर? तुझं घर तू एकटीने बसवलंस. त्यात माझी जागा कुठली ते मला माहीत नाही. दारात उभा राहिलो तर दिव्याचं बटण कुठल्या बाजूला ते आठवत नाही, मागच्या वेळी तू बदललंस.

दोन वर्षं आणखी इथे राहण्याची मला भीती नाही, सवय आहे. भीती वाटते ती घरी येण्याची.

म्हणून एकच विचारतो. घराची तब्येत कशी आहे ते लिही. तू ये म्हणालीस तर हा कागद कोरा परत देईन. पण विचार करून म्हण, माझ्यावर उपकार म्हणून नको.

गुलाम रसूल

—

मांडवी, रत्नागिरी
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

अलफियाच्या अब्बांना सुरय्याचा सलाम.

तुमचं पत्र पोचलं. वाचताना दूध उतू गेलं. अर्धा लिटर तुमच्या नावावर लिहिलं आहे.

लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण तुम्ही विचार करून म्हण म्हणालात, म्हणून थांबले. इस्तिखारा केला, अल्लाहलाच कौल मागितला. रात्री इशाच्या नमाजनंतर दोन रकात पढून, दुआ मागून, उजव्या कुशीवर झोपत होते. श्रद्धाची सासू म्हणाली, पांढरं किंवा हिरवं दिसलं तर होकार, तुमच्यात असंच असतं ना. मला काही दिसलं नाही. एकदा गंगुबाई दिसली, सुरमईच्या भावावरून भांडत होती. तिचं लुगडं हिरवं होतं, पण ते ती नेहमीच नेसते.

मग हुदा आपांकडे गेले, मशिदीमागे मुलींना कुरआन शिकवतात त्या. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो काय सिनेमा आहे, बघायला? अल्लाहला विचारलंस ना, आता पाऊल उचल. वाट मोकळी होत गेली तर समज." मी म्हटलं, आपा, पाऊल त्यांनी उचलायचं आहे. तर म्हणाल्या, त्यांनी तुलाच विचारलंय ना, मग पाऊल तुझंच.

तर ऐका. खरं खरं लिहिते.

घराची तब्येत बेताची आहे. मी संध्याकाळी सातलाच जेवते, ओट्याशी उभी राहून, ताटसुद्धा घेत नाही. पंखा लावून मला झोप येत नाही, तुम्हाला पंख्याशिवाय येत नाही. सकाळी मला कुणी बोललेलं चालत नाही, अलफियाला विचारा. तुमचं कपाट मी कधीच वापरायला घेतलं, त्यात कडधान्य आहे. बटण बदललं ते इलेक्ट्रिशियन स्वस्तात करतो म्हणाला म्हणून. तुम्ही रोज घरात दिसलात तर आपण भांडू. पहिल्या महिन्यात नाही, दुसऱ्यात.

आणि दुसरी भीती लिहिते, जी माझी आहे. मला तुमची सवय नाही. मला तुमची वाट बघायची सवय आहे. ती मी फार नीट करते. तारखा, पार्सलं, फोनची वेळ, शर्ट धुऊन वाळत घालणं, सगळं त्यावर चालतं. तुम्ही आलात की ते सगळं जाईल. त्या जागी काय येईल ते मला माहीत नाही. बाजाराचं चिन्ह बघून सांगता येतं, याचं नाही. जेटीवर मी जशी चुकले तशी इथेही चुकत असेन, घर दुरून बघून ठीक म्हणत असेन.

पण परवा शिवाचा भाचा दारात आला. म्हणाला, मिस्त्री कधी येणार, मी बाहेरच्याला सांगू की थांबू. मी त्याला थांब म्हणाले. विचार न करता म्हणाले. तो गेल्यावर दार लावलं, आणि मग कळलं की मी काय म्हणाले. तुम्हाला विचारायच्या आधी मी दुसऱ्या माणसाला तुमचा शब्द दिला होता. हुदा आपांची वाट मोकळी झाली ती हीच असेल, नसेल तर गुन्हा माझा.

निलेशला गाळ्याचं हो सांगितलं. तो भाडं मासे म्हणून घेणार नाही, रोखच घेणार, तेही ठरवून घेतलं. घर चालवायचं माझ्याकडे लागलं. पिशवी लहान झाली तर होऊ दे, मला लहान पिशवी भरता येते.

बाजाराचं शेवटचं लिहिते, कारण त्याच्यासाठीच तुम्ही ही पत्रं सुरू करायला लावलीत. तेजी नाही. मोहोर बरा आहे, खोक्यांच्या फळ्या कापायला लागलेत, तेवढी आशा आहे. जेटी अजून भरलेली आहे, पाणी दिसत नाही. इतकं सगळं माहीत असून मी लिहिते, या. कीव म्हणून नाही. तुम्ही दारात उभे राहिलात की मला दिवा लावायला हात पुढे करायचा आहे म्हणून.

कागद कोरा परत द्या. रमजान तोंडावर आला, पहिल्या रोज्याला जमलं नाही तरी ईदच्या आत या.

आणखी एक. काल राम आळीत चपलांच्या दुकानात गेले. आपल्या घरात पाहुण्यांसाठी एक रबरी जोडी असते, तुम्ही आलात की तीच घालता आणि टाच मागून बाहेर येते. दर वेळी बघते आणि सोडून देते, कारण महिन्याभराचाच प्रश्न असतो. या वेळी चांगली जोडी घ्यायची ठरवली. दुकानदाराने विचारलं, नंबर किती? आठ म्हणावं की नऊ, मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, घरात विचारून या.

म्हणून विचारते. उलट टपाली तेवढा नंबर कळवा.

सुरय्या